दिवेलागणीला चालू होणारं काम

माझा नवरा काविळीनं गेला त्या वर्षीचा पावसाळा मला आठवत नाही. त्यानंतरचा हिवाळा मात्र चांगला आठवतो, कारण तोवर घरात आम्ही दोघीच आहोत हे अंगवळणी पडायला लागलं होतं. मी आणि माझी सासू. सासूला मी आत्या म्हणायची. परभणीत स्टेशनच्या पलीकडं आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत एक खाट, भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्या शेजारी आता ह्याचाही फोटो, आणि खिडकीखाली टेबलावर चादरीनं झाकून ठेवलेला ह्याचा कॉम्प्युटर.

तो तंत्रनिकेतनात शिकवायचा. कॉलेजातला त्याचा एक मित्र हैदराबादला कंपनीत होता. त्याच्याकडून सुटे भाग घेऊन, रेल्वेत मांडीवर सांभाळत आणून त्यानं ते मशीन घरीच जोडलं होतं. मशीन चालवणारं लिनक्सही त्या मित्रानंच दिलं, फ्लॉप्यांची एक चळत रबरानं बांधून. तेव्हा परभणीत लिनक्स हे नाव माहीत असलेली माणसं दोनच असतील, आणि त्यातली दुसरी मी होते. माझं बीएस्सी गणितात झालं होतं, घरी शिकवण्या घ्यायची, आणि संध्याकाळी तो शेजारी खुर्ची ओढून मला शिकवायचा. त्यानं माझ्या नावाचं वेगळं खातंही काढून दिलं होतं. मी माझ्या नावानं आत शिरायचं, त्यानं त्याच्या.

मशीनमध्ये चारच एमबी मेमरी होती. एवढ्यात काम कसं चालतं हे त्यानं मला स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं.

"हा ओटा म्हणजे मेमरी. हात पोचतो तिथं. आणि तो माळा म्हणजे डिस्क. ओट्यावर मावेनासं झालं की सध्या न लागणारा डबा माळ्यावर चढवायचा. लागला की शिडी लावून परत खाली. माळ्यावर त्यासाठी राखून ठेवलेली जागा, तिला स्वॅप म्हणायचं."

"आणि ओटा रिकामा असला तर?"

"तर काल काढलेला डबा तिथंच राहू द्यायचा. पुन्हा लागेल म्हणून. ती झाली कॅश. म्हणून ओटा भरलेला दिसला तरी घाबरायचं नाही. खरी अडचण कधी? दर फोडणीला शिडी चढावी लागली तर. मग दिवसभर नुसती चढ-उतर, आणि स्वयंपाक काही होत नाही."

आत्या तिथंच भाजी निवडत बसल्या होत्या. "मग डबे कमी करा की," त्या म्हणाल्या, आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

तो गेल्यावर ते मशीन कित्येक महिने बंद राहिलं. त्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला. आमच्या गल्लीत लोक रस्त्यावर आले, कुणी रडत होते, कुणी पेढे वाटत होते. आत्यांनी एक पेढा त्याच्या फोटोपुढं ठेवला आणि आत जाऊन पडल्या. त्या दिवसाची वाट त्यानं शाळेत असल्यापासून बघितली होती, आणि काही महिन्यांच्या अंतरानं त्याचा तो दिवस हुकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कृषी महाविद्यालयातले एक सर घरी आले. पन्नाशीला टेकलेले, ज्वारीच्या वाणांवर पीएचडी करणारे. आम्ही त्यांना घरात ज्वारीचे सर म्हणायचो. त्यांच्या आकडेवारीचं सगळं काम माझ्या नवऱ्यानं अंगावर घेतलं होतं आणि ते अर्ध्यावर राहिलं होतं. सर बराच वेळ चहाच्या कपाकडं बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, तोंड नाही मला हे विचारायला. पण तुम्हाला ते चालू करता येईल का?"

मी चादर काढली. मशीन सुरू झालं, पण आतल्या घड्याळाची बॅटरी उतरली होती आणि तारीख भलतीच दाखवत होतं. मी नवी बॅटरी बसवली आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ घातली. रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाचा पासवर्ड त्यानं मला कधीच सांगून ठेवला होता. तो होता त्याच्या गावाचं नाव. गंगाखेडकडचं लहानसं गाव, ज्याचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारत नसे.

सरांचं काम मोठं होतं. कितीतरी गावांतल्या, कितीतरी हंगामांच्या ज्वारीच्या ओळी एकाच वेळी मांडून हिशोब करायचा होता. चार एमबीत ते मावणारच नव्हतं. स्वॅपच्या आधारानं रखडत रखडत चाललं असतं. दुपारी लाईट आली की मी प्रोग्राम चालू करायची आणि शिकवणीची मुलं घ्यायची. डिस्क अधूनमधून कुरकुरायची. लाल दिवा लुकलुकायचा. चाललंय म्हणायचं.

पहिल्या दिवशी दिवेलागणीला मी मागच्या खोलीत पीठ मळत होते. पुढच्या खोलीतून एकदम खरखर सुरू झाली. कुणी टिनाच्या पत्र्यावर नखं ओढतंय अशी. थांबेचना. मी हात तसेच घेऊन बाहेर आले. लाल दिवा आता लुकलुकत नव्हता, अखंड जळत होता. कीबोर्डवर काही दाबलं तर अक्षर उमटायला मिनिट लागत होतं. थोड्या वेळानं सरांचा प्रोग्राम मेला. मेमरी संपली, एवढी एक ओळ पडद्यावर. त्यानंतर खरखर बराच वेळ चालली आणि आपोआप थांबली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. दुपारभर काम नीट चालायचं आणि दिवेलागणीला मरायचं. मी प्रोग्राम चालू न करता नुसतं मशीन ठेवून बघितलं, तरी त्या वेळेला खरखर यायचीच. मशीनला कुणी हात लावलेला नसताना.

सर एकदा त्या वेळेला घरात होते. त्यांनी चप्पल घालता घालता मागं वळून बघितलं आणि हसण्यावारी नेत म्हणाले, "वहिनी, ह्या वेळेचं काहीतरी आहे बघा." मी हसले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, कारण तंत्रनिकेतनातून सायकल घेऊन तो रोज बरोबर ह्याच वेळेला दारात यायचा. कधी उशीर करायचा नाही. लग्नानंतर मला ते विचित्र वाटायचं. मित्र थांबवायचे, चहाला बोलवायचे, हा मात्र अंधार पडायच्या आत घरात. विचारलं तर म्हणायचा, "आई वाट बघते."

आणि आत्यांकडं माझं तेव्हा लक्ष गेलं. तो गेल्यापासून त्या सूर्य कलला की दाराला आतून कडी लावायच्या, आणि मी बाहेर असले तर "कोण हाय?" असं दोनदा विचारल्याशिवाय उघडायच्या नाहीत. मशीन चालू झाल्यापासून त्या कडी लावेनाशा झाल्या होत्या. खरखर सुरू झाली की खाटेवरून उठायच्या, फोटोपुढं मेणबत्ती लावायच्या, दार सताड उघडून उंबऱ्यात बसायच्या. एकदा मी त्यांना शेजारणीशी बोलताना ऐकलं, "आता काय काळजी न्हाई. आलंय ते घरी."

मला त्यांना काही विचारायचं धाडस झालं नाही. मलाही ते खोटं आहे असं तेव्हा खात्रीनं सांगता आलं नसतं.

शेवटी एका संध्याकाळी मी ठरवून खुर्चीत बसले. बाहेर उजेड उतरत होता. काय काय चाललंय त्याची यादी दाखवणारी आज्ञा मी आधीच लिहून ठेवली होती, फक्त एन्टर दाबायचं बाकी होतं. खरखर सुरू झाली आणि मी दाबलं. यादी उमटायला फार वेळ लागला. एकेक ओळ वरून खाली येत गेली. पहिल्या रकान्यात ते काम कुणाचं आहे त्याचं नाव असतं. माझं नाव होतं, सरांच्या प्रोग्रामपुढं. रूटचं होतं. आणि खाली, नुकत्याच सुरू झालेल्या कामापुढं, त्याचं नाव होतं.

मी ते नाव वाचत राहिले. माझ्यामागं आत्या मेणबत्ती लावत होत्या. काडी ओढल्याचा आवाज आला आणि मी खुर्चीतच दचकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीडी बूथवर गेले आणि हैदराबादच्या मित्राला फोन लावला. मला वाटलं होतं मी शांतपणे बोलेन. पण "वहिनी, बोला" ऐकलं आणि माझ्या तोंडून निघालं, "भाऊजी, ते चालू आहेत. मशीनमध्ये त्यांचं नाव येतंय."

मग त्यानं अगदी हळू आवाजात एकेक विचारायला सुरुवात केली. किती वाजता येतं? रोज? मशीनमधली वेळ तुम्ही घातलीत? कुठलं घड्याळ बघून?

"आपल्या भिंतीवरचं."

"हां," तो म्हणाला. "वहिनी, त्यानं मशीनचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवलं होतं. लिनक्स त्यात साडेपाच तास मिळवून आपली वेळ काढतं. तुम्ही आपलीच वेळ घातलीत, त्यात लिनक्सनं आणखी साडेपाच मिळवले. तुमच्याकडं दिवेलागण होते तेव्हा मशीनच्या हिशोबानं मध्यरात्र असते."

"मग?"

"मध्यरात्री एक काम आपोआप चालू होईल असं त्यानं लावून ठेवलं होतं. मला सांगितलं होतं त्यानं. दिवसभरात जे काही लिहिलं गेलं असेल त्याची नक्कल करून ठेवायची. लाईटचा भरवसा नाही, सरांचं काम वाया जायला नको म्हणून. त्याच्या खात्यात लावलंय, म्हणून त्याचं नाव दिसतं."

काचेच्या त्या खोक्यात उकडत होतं. बाहेर एक माणूस त्याच्या नंबराची वाट बघत घड्याळाकडं बघत होता. मित्र पुढं सांगत होता आणि मी कागदावर उतरवत होते. ती नक्कल सुरू झाली की सगळी डिस्क वाचली जाते, वाचलेलं कॅशमध्ये साठतं, नक्कल दाबून लहान करणारा प्रोग्रामही मेमरी मागतो, मग सरांचे आकडे स्वॅपमध्ये ढकलले जातात, लगेच परत मागवले जातात, परत ढकलले जातात. खरखर त्याचीच. आणि स्वॅपचीही जागा भरली की लिनक्स कुणाला तरी मारतं. उपायही त्यानं सांगितला. घड्याळ दुरुस्त करा. डिस्कवर एक मोठी रिकामी फाइल तयार करा, तिच्यावर स्वॅपची खूण करा, आणि ती जोडून द्या. सगळ्या आज्ञा त्यानं अक्षर अक्षर फोडून सांगितल्या.

फोन ठेवताना मी विचारलं, "मशीन बंद केलं की स्वॅपमधलं पुसलं जातं का?"

"मेमरीतलं जातं. स्वॅपमधलं जात नाही, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते राहतं." मग मी का विचारतेय ते त्याच्या ध्यानात आलं असावं. "पण वहिनी, तुम्ही इतके दिवस चालवताय. आता त्यात काही नसेल."

तरी मी बघितलं. त्याच दुपारी, आत्या झोपल्या असताना, स्वॅपचा तो सगळा भाग पडद्यावर वाहू दिला. तासभर नुसते ज्वारीचे आकडे गेले. मध्येच प्रोग्रामचे तुकडे, मीच चुकून लिहिलेली एक आज्ञा, परत आकडे. त्यानं शेवटच्या दिवसांत टाइप केलेलं काही तिथं असलंच, तर रोज संध्याकाळी त्यानंच लावलेल्या त्या कामानं आम्ही ते झाकत आलो होतो. मी पडदा कोरा केला, घड्याळ साडेपाच तास मागं नेलं, नवी फाइल जोडली. आज्ञा देऊन बघितली तर स्वॅपची जागा दुपटीहून जास्त दिसत होती. टाइप करताना एकही अक्षर चुकलं नाही. मला त्याचंच वाईट वाटलं.

त्या दिवशी दिवेलागणीला काही झालं नाही. सरांचा प्रोग्राम कुरकुरत चालू राहिला. मध्यरात्रीचं काम आता खऱ्या मध्यरात्रीवर गेलं होतं, आणि तोवर मशीन मी बंद केलेलं असायचं.

आत्या मेणबत्ती लावून उंबऱ्यात बसल्या होत्या. बसून राहिल्या. अंधार झाला. समोरच्या घरात दिवा लागला. मग त्या उठल्या, दार लोटलं आणि कडी लावली. मला म्हणाल्या, "आज न्हाई आलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूर्य वर असतानाच कडी लावली. तिसऱ्या दिवशी जेवल्या नाहीत. मला राहवेना. मी त्यांच्याजवळ खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. घड्याळ, नक्कल, त्याचं नाव, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला काय येडी समजलीस का गं?" त्या म्हणाल्या. "मशीन हाय ते मला कळतंय. मेलेलं माणूस डब्यात येऊन बसत न्हाई. पण येळ त्याची होती. तेवढा येळ माझी भीती जायाची."

"कसली भीती, आत्या?"

मग त्यांनी ते सांगितलं. लग्नानंतरच्या सात वर्षांत मला त्यांनी किंवा त्यानं एकदाही सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर गावोगाव आमच्या वस्त्यांवर जे झालं, ते त्यांच्याही गावात झालं. दिवेलागणीची वेळ होती. सासरे वारलेले होते. त्या घरात एकट्या, चुलीवर भाकरी टाकलेली. पोरगं दहावीत, पाण्याच्या पाटापलीकडच्या मित्राकडं अभ्यासाला गेलेलं.

"आधी आवाज आला. मग उजेड दिसला. मला वाटलं कुणाचा कडबा पेटला. मी दाराला कडी लावली आणि आतच बसले, की पोरगं आलं तर आवाज देईल. शेजारीण म्हणायली, चल, पळ, ज्वारीत लपू. मी म्हणलं, पोरगं यायचंय. घर पेटलं तवा मागल्या भिताडातून मला वढून काढलं लोकांनी. अन् हे रातभर मला हुडकायलंय दुसऱ्याच शिवारात. सकाळी भेटलं. तवापसून ते कदी उशिरा आलं न्हाई. म्या कदी सांगितलं न्हाई त्याला. त्यालाच कळलं."

मग मी त्यांना पासवर्डचं सांगितलं. "आत्या, मशीनला कुलूप असतं. ते उघडायला एक शब्द लागतो. त्यांनी तुमच्या गावाचं नाव ठेवलं होतं. रोज लिहायचे ते."

आत्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "खरं?"

"खरं."

"मला वाटायचं त्यानं टाकलं ते गाव. नावच घेत नव्हता." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला घेऊन चल बरं एकदा. पर दिवसा न्हाई. तीच येळ बघायची हाय मला तिथं."

ज्वारीच्या सरांचं काम त्याच आठवड्यात पुरं झालं. छापलेल्या कागदांची गठडी छातीशी धरून सर दारात उभे राहिले आणि रडले. ते गेल्यावर मी मशीनवर चादर टाकली, आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघी गंगाखेडच्या बसमध्ये बसलो. तिथून दुसरी बस, मग फाट्यावरून पायी.

गाव लहान होतं. आत्या न विचारता चालत होत्या, जणू कालच गेल्या होत्या. त्यांचं घर होतं तिथं आता घर नव्हतं. मोकळी जागा, शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या, आणि एक चिंच, बऱ्यापैकी मोठी झालेली. आत्या चिंचेखाली बसल्या. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून बघत.

"कोण म्हणायच्या तुमी?"

"इथलीच हाय," आत्या म्हणाल्या.

म्हातारी जवळ आली. आत्यांच्या तोंडाकडं तिनं बराच वेळ बघितलं. ओळखलं की नाही मला कळलं नाही. तिनं घरात जाऊन तांब्या भरून आणला, पुढं ठेवला आणि तिथंच उभी राहिली. आत्यांनी पाणी घेतलं नाही. नको असंही म्हणाल्या नाहीत. तांब्या तसाच दोघींच्या मध्ये राहिला.

दिवस बुडाला. शेरडं परत आली. कुठंतरी रेडिओ लागला, एका घरात विजेचा दिवा पेटला, मग दुसऱ्या. धुराचा वास यायला लागला तेव्हा मी आत्यांचा हात धरला. तो गार होता आणि त्यांनी माझी बोटं इतकी आवळली की दुखलं. धूर चुलींचा होता. म्हातारी म्हणाली, "स्वयंपाकाची येळ झाली," आणि आत गेली. आत्या अंधार पुरता पडेपर्यंत बसून राहिल्या. वाटेकडं बघत होत्या. कुणी आलं नाही. ओरडत कुणी आलं नाही, आणि ज्याची वाट बघत त्या कडी लावून बसल्या होत्या तोही आला नाही.

फाट्यावर शेवटची बस मिळाली. बसमधला दिवा गेलेला होता. आत्यांनी डोकं मागं टेकलं होतं. मला वाटलं झोप लागली असेल. मग माझ्या कानाशी येऊन, अगदी सहज, त्या म्हणाल्या, "चिंच लय मोठी झाली गं. घरी गेल्यावर सांगू त्याला."

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मी "हो" म्हणाले.